दुमडलेल्या पानापर्यंत

डोमाजीभाऊंनी आयुष्यात एकच कादंबरी वाचली आहे. तीही अर्धी, आणि तीही दुसऱ्या खंडाची.

पुस्तकाच्या साधारण मध्यावर एका पानाचा कोपरा दुमडलेला आहे. तिथपर्यंत आले की डोमाजीभाऊ पुस्तक मिटतात, चष्मा शर्टाच्या टोकाने पुसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतात. पुढचं पान ते उलटत नाहीत. वाऱ्याने उलटू लागलं तर त्यावर तळहात ठेवतात. जेवणाच्या ताटावर माशी येऊ नये म्हणून ठेवावा तसा.

मी त्यांना सुरुवातीला विचारलं होतं, ‘‘पुढं का वाचत नाही?’’

‘‘पुस्तक आपलं नाई ना सर. ज्याचं हाये त्यानं इथलोक वाचलं. मालकाच्या पुढं जाऊन आपण कायले बसाव?’’

डोमाजीभाऊ माझे घाटंजीतले शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत आहे, आणि ती इतकी पातळ आहे की त्या कादंबरीचा पूर्वार्ध मलाही पाठ झाला आहे. मी कॉलेजात मराठी शिकवतो. एवढं लक्ष दुसऱ्या कुठल्याही कादंबरीला मी दिलेलं नाही. डोमाजीभाऊ सरकारी बसमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. बायको फार पूर्वी गेली, मुलगा पुण्यात असतो आणि रविवारी फोन करतो. सगळी नोकरी मुकुटबनच्या फेरीवर गेली. बसमधून उतरले तरी बस त्यांच्यातून उतरलेली नाही. पाहुणा जास्त वेळ बसला की ते शांतपणे म्हणतात, ‘‘डबल बेल.’’ म्हणजे आता निघा. पुतणीच्या सोयरिकीत मुलाकडचे लोक घराण्याच्या थोरवीत शिरले, तेव्हा सगळ्यांदेखत त्यांनी डबल बेल दिली होती. सोयरीक मोडली. पुतणी अजून त्यांना दिवाळीला फराळ पाठवते.

पुस्तक त्यांना बसमध्ये सापडलं. कुठल्याशा परदेशी महाकादंबरीच्या मराठी अनुवादाचा दुसरा खंड. नाव ‘लवणद्वार’. मुखपृष्ठावर एक डोंगर, त्यात एक दार, आणि दारासमोर पाठमोरी मुलगी. अनुवादकाला ‘पाणी’ हा शब्द ठाऊक नसावा. त्याच्या माणसांना तहान लागली की ती जल प्राशन करतात. डोमाजीभाऊ वाचता वाचता त्याला ताळ्यावर आणतात. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘‘हे एलावीन, त्या द्वारापलीकडे विस्मृतीचे साम्राज्य आहे.’’ भिंतीतून मला ऐकू येतं, ‘‘येलाबाई, तिकडं गेली का तुले कोणी ओळखन नाई.’’

कथा थोडक्यात अशी. पांढऱ्या मिठाच्या माळावर एक डोंगर आहे. त्याच्या पोटातल्या दारातून जो आत जातो, त्याला बाहेरचं जग विसरतं. आई विसरते, नवरा विसरतो, गावात त्याचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. दाराच्या आतून ठक ठक आवाज येत राहतो; आत गेलेले दार वाजवत असतात. आठवण राहते फक्त एकाला. ज्याने दार उघडून दिलं त्याला. तोही विसरला, की आतला माणूस खरोखर संपला. येलाबाई आपल्या बहिणीला शोधत दारापाशी येते, उंबऱ्यावर पाय ठेवते, आणि पान दुमडलेलं आहे.

पहिला खंड डोमाजीभाऊंनी पाहिलेला नाही. मी नागपुरात चौकशी केली, मिळत नाही म्हणाले. तिसरा मिळत होता, मी मागवतो म्हटलं. त्यावर ते म्हणाले, ‘‘ज्या गाडीत चढलोच नाई तिच्या शेवटच्या स्टापावर उभं राहून काय करू?’’ पहिला भाग त्यांनी स्वतःच रचून टाकला होता. त्यात येलाबाईचा बाप नावेवर कंडक्टर होता.

एकदा गावातल्या वाचनालयाने त्यांचा ‘ज्येष्ठ वाचक’ म्हणून सत्कार केला. प्रमुख पाहुण्यांनी वाचनसंस्कृतीवर तासभर भाषण केलं आणि आपण आठवड्याला दोन पुस्तकं वाचतो असं सांगितलं. डोमाजीभाऊंना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, नारळ डाव्या हातातून उजव्या हातात घेतला आणि पाहुण्यांना म्हणाले, ‘‘आठवड्यात दोन? मंग त्यातले लोकं तुमच्या घरी राह्यते कवा?’’ एवढं बोलून ते बसले. पाहुणे हसले. मी त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहत होतो.

आता बुधवारचं सांगायला हवं, कारण इथून पुढे मला डोमाजीभाऊंची नुसती मजा वाटेनाशी झाली.

दर बुधवारी ते जुना खाकी शर्ट आणि टोपी घालतात, पुस्तक पिशवीत ठेवतात आणि मुकुटबनच्या बसने जातात. मुकुटबनला मात्र पोचत नाहीत. त्याच्या अलीकडे एक फाटा आहे, तिथे उतरतात. फाटा म्हणजे डांबरी रस्त्यातून सुटलेली एक पायवाट, तिच्या तोंडाशी कलंडलेला दगड आणि मागे सागाचं रान. पाटी नाही, टपरी नाही. तिथे भर दुपारी ते उभे राहतात, पुस्तक उघडून मोठ्याने वाचतात, आणि परतीच्या गाडीने घरी येतात. त्या फाट्यावर चकवा लागतो, असं आमच्याकडे सगळे सांगतात. सांगणाऱ्यांपैकी तिथे उतरलेला कुणी मला भेटलेला नाही.

‘‘ते पोरगी तिथंच उतरली,’’ त्यांनी मला एकदा सांगितलं. त्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता आणि ते माझ्या ओट्यावर चहा पीत होते. ‘‘निळा दुपट्टा, दोन वेण्या, हातात हे पुस्तक. खिडकीपाशी बसून वाचत होती. फाटा आला अन् म्हणे, काका, थांबवा. म्या म्हनलं, इथं कुठी उतरते बाई, इथं तं गाव नाई. ते हासली. म्या घंटी मारली, दार उघडलं. उतरली. पाह्यलं तं रस्त्यावर कोणीच नाई. पुस्तक सीटवर.’’

‘‘झाडीत गेली असेल.’’

‘‘कुठी जाईन? तिथं काय हाये? मुकुटबनच्या बजारात इचारलं. सगळे म्हणे, तिथं कोणी राह्यत नाई.’’ त्यांनी कप खाली ठेवला. ‘‘अन् डायवर सलीमभाई, चांगला मानूस, खोटं बोलत नाई. तो काय म्हणे माहीत हाये? ‘डोमाजी, तू बेल दिली म्हणून मी थांबलो. पण कोणी उतरलंच नाही.’’’

माझ्या मोबाइलवरच्या नकाशात तिथे नुसता हिरवा रंग होता. तरी मी म्हटलं, ड्रायव्हरला मागचं दार दिसत नाही, गाडीत गर्दी असेल, वगैरे. ते ऐकत राहिले.

‘‘दार म्या उघडलं, सर,’’ ते म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत. पुस्तक त्यांनी आधी डेपोत रीतसर जमा केलं होतं, कुणी न्यायला आलं नाही म्हणून साहेबांनी त्यांनाच देऊन टाकलं, आणि घरी आल्यावर त्यात काय आहे ते त्यांनी वाचलं. ते वाचून झाल्यावर त्या दाराची गोष्ट आणि बसच्या दाराची गोष्ट त्यांच्या डोक्यात एकमेकांना चिकटली ती कायमची.

‘‘एक सांगू का? तिथं उभं राह्यलं का आवाज येते. ठक. ठक. झाडीतून.’’

‘‘सुतार पक्षी.’’

‘‘म्या थांबलो वाचाचा का तो बी थांबते.’’

हा माणूस भांग घेत नाही, दारू घेत नाही, नवस बोलत नाही. मी विषय बदलला.

आमच्या भिंतीतून सकाळी कादंबरीच्या आधी अजून एक पाठ येतो. घाटंजीपासून मुकुटबनपर्यंतचे सगळे थांबे, ओळीने. लोक हरिपाठ म्हणतात तसे ते थांबे म्हणतात. या कार्तिकात एका सकाळी पांढरकवडा आलं आणि पुढे शांतता. मग पुन्हा घाटंजीपासून सुरुवात, पुन्हा पांढरकवडा, पुन्हा शांतता. मी ब्रश तोंडात धरून भिंतीपाशी उभा होतो. शेवटी मीच ओरडलो, ‘‘शिबला!’’

थोड्या वेळाने ते ओट्यावर आले. चेहरा उतरला होता.

‘‘स्टाप चालले सर,’’ ते म्हणाले. ‘‘आज शिबला गेलं. उद्या मुकुटबन जाईन. परवा ते पोरगी जाईन. मंग?’’

वयाप्रमाणे होतं, डॉक्टरांना दाखवू, असं मी म्हणालो. माणसाला धीर देण्याची वाक्यं आपल्याजवळ किती थोडी असतात.

‘‘माह्यं जाऊ द्या. तिचं कसं होईन? सलीमभाईच्या ध्यानात नाई, बजाराच्या ध्यानात नाई. एक मीच हावो.’’

त्या बुधवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. कॉलेजला रजा टाकली. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ लिहिलं.

आम्ही फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. बस वळणाआड गेली आणि तिचा आवाज कुणी मुठीत धरावा तसा बंद झाला. रस्त्याच्या एका बाजूला कापूस फुटलेला होता. वेचणी व्हायची होती, शेतात माणूस नव्हतं, आणि त्या उन्हात तो पांढरा पसारा डोळ्यांनी झेपत नव्हता.

‘‘मीठ,’’ डोमाजीभाऊ म्हणाले.

मी तिकडे पाहायचं टाळलं. दुसऱ्या बाजूला साग होते. त्यांची ताटाएवढी वाळकी पानं वारा नसताना एखाददुसरी हलत होती, खाली पडत होती, आणि पडताना माणसाच्या पावलासारखी वाजत होती. माझी सावली पायाखाली एवढीशी झाली होती. विनोद करावासा वाटला, पण आवाज काढावासा वाटला नाही.

डोमाजीभाऊंनी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. घरात वाचतात त्यापेक्षा मोठ्याने, झाडीकडे तोंड करून. येलाबाई माळावरून चालली. येलाबाईला तहान लागली. आणि मग मी ते ऐकलं.

ठक. थोडं थांबून ठक. मग ठक-ठक.

सुतार पक्षी नव्हता. पक्षी इतका सावकाश टोचत नाही. डोमाजीभाऊंनी वाचणं थांबवलं. आवाजही थांबला. समीक्षा वाचण्यात घालवलेल्या आयुष्याचा अशा वेळी काडीचा उपयोग होत नाही.

‘‘सर,’’ डोमाजीभाऊ हळूच म्हणाले. ‘‘दुपट्टा कोणता होता?’’

‘‘कुणाचा?’’

‘‘तिचा. मी तुम्हाले सांगतला होता ना. कोणत्या रंगाचा सांगतला होता?’’

त्यांच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते मला पुन्हा पाहायचं नाही. मी ‘निळा’ म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. दुसऱ्याच्या सांगण्यावर सही करावी तशी होती. मग त्यांनी पुस्तक छातीशी धरलं आणि ते रस्त्याच्या खाली उतरले. सगळी नोकरी या रस्त्यावर काढलेला माणूस. त्यावरचा प्रत्येक फाटा त्यांना माहीत होता, पण एकाही फाट्याच्या आत ते कधी गेलेले नव्हते.

‘‘डोमाजीभाऊ, कुठं चाललात?’’

‘‘तुम्ही इथंच थांबा. दोघंई गेलो तं आपल्याले कोण ध्यानात ठेवीन?’’

रस्त्यावर एकटं थांबण्यापेक्षा आत जाणं बरं, म्हणून मी मागे निघालो. याला धैर्य म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे.

पायवाट सागांमधून वळत गेली. मागे पाहिलं तर रस्ता दिसत नव्हता, पांढरा कापूसही नाही. आवाज पुन्हा सुरू झाला होता, आता जवळून. ठक. ठक. एका वळणावर कुत्रं भुंकलं आणि डोमाजीभाऊ थबकले. पुढे बांबूचं कुंपण होतं. कुंपणाआड शेणाने सारवलेलं, आरशासारखं स्वच्छ अंगण, मातीची घरं, एका घरावर चढलेला दोडक्याचा वेल. अंगणात एक बाई बांबू चिरत बसली होती. पात्यावर लाकडाने ठोका द्यायची, बांबू फाटायचा. ठक. बाजूला अर्ध्या विणलेल्या टोपल्यांचा ढीग.

तो कोलाम आदिवासींचा पोड होता, म्हणजे पाडा. दहा-बारा घरं असतील. बाजारात टोपल्या आणणारे हे लोक कुठून येतात, हा प्रश्न मुकुटबनच्या बाजाराला पडला नव्हता, सलीमभाईला पडला नव्हता आणि मलाही पडला नव्हता.

बाईने आमच्याकडे पाहिलं आणि पातं हातात घट्ट धरून उभी राहिली. तिची नजर डोमाजीभाऊंच्या खाकी शर्टावर होती.

‘‘जंगलवाले का?’’

‘‘नाई बाई, मी कंडक्टर.’’

ती त्यांच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहू लागली. मग दोन पावलं मागे सरली.

‘‘बुधवारी फाट्यावर उभा राह्यते तो तूच का? पोथी घेऊन मंतर म्हणते तो?’’

डोमाजीभाऊंनी मान डोलावली.

‘‘आमी तुले भेतो,’’ ती म्हणाली. ‘‘बुधवारच्या रोजी त्या वाटेनं कोणी जात नाई. लेकरं रडले का आमी सांगतो, चूप राह्य, खाकीवाला येईन. तू मंतर म्हणाचा थांबला का मी बी हात थांबवतो, तुले ठोके ऐकू गेले नाई पाह्यजे म्हून.’’

इतकी वर्षं त्या फाट्यावर भूत होतं हे खरंच होतं तर. मी त्याच्या शेजारी राहत होतो.

मी पुढे होऊन सगळं सांगितलं. बस, मुलगी, पुस्तक. बाईचं नाव जंगूबाई. ऐकता ऐकता तिने पातं खाली ठेवलं.

‘‘रेणुका,’’ ती म्हणाली. ‘‘माही पोरगी. आश्रमशाळेच्या होस्टेलात होती, सुट्टीत घरी येत होती. पुस्तक गाडीत राह्यलं म्हून लई रडली. शाळेत बक्षीस भेटलतं ना.’’

डोमाजीभाऊंनी एकच विचारलं. ‘‘त्या दिवशी घरी पोचली होती?’’

‘‘मंग? कुठी जाईन?’’

ते अंगणाच्या कडेला बसले. सारवलेल्या जमिनीवर, काही न अंथरता. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बराच वेळ ते टोपीच्या आतल्या बाजूला पाहत होते.

रेणुका आता नागपूरला दवाखान्यात नर्स आहे, जंगूबाई सांगत होती. निळा रंग तिला आवडतो, हेही तिने सांगितलं, कुणी न विचारता. डोमाजीभाऊंनी पुस्तक दोन्ही हातांनी पुढे केलं. ‘‘तिची अमानत. पुढचं पान उलटवलं नाई.’’

जंगूबाईने ते घेतलं नाही. ‘‘तिनं मंग असंच दुसरं आणलं, सगळं वाचून टाकलं. मी म्हनलं, मले सांग पुढचं. तं म्हणे, आई, ते कवाचं झालं, ते लेकराइचं पुस्तक हाये.’’ ती खाली बसली आणि आवाज लहान करून म्हणाली, ‘‘त्या सुट्टीत अर्धं सांगतलं होतं तिनं. संध्याकाळी सगळा पोड ऐकाले बसे. ते बाई उंबऱ्यावर पाय ठेवते, तिथलोक. पुढं काय झालं? गेली का आत?’’

‘‘मलेबी नाई माहीत,’’ डोमाजीभाऊ म्हणाले.

‘‘तुले वाचता येते ना?’’

‘‘येते.’’

‘‘मंग वाच ना बाप्पा.’’

त्यांनी पुस्तक उघडलं. दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला. पान धरलं, अर्धं उचललं, आणि पुन्हा खाली ठेवलं.

‘‘बाई, तुम्हाले पह्यला भाग बी सांगतला असन पोरीनं?’’

‘‘सगळा सांगतला.’’

‘‘मले पह्यला भागच नाई माहीत. तिचा बाप नावेवर कंडक्टर होता का?’’

‘‘काय बी काय. तिले बाप नव्हता.’’

डोमाजीभाऊंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. ‘‘मंग पह्यले तुम्ही सांगा. मंग मी वाचतो.’’

परतीच्या गाडीची वेळ होत आली होती. मी घड्याळ दाखवलं. त्यांनी माझ्याकडे न पाहता हात हलवला, मला एकट्याला जायला सांगावं तसा. मी गेलो नाही. कुंपणाशी दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या, खाकीवाल्याला जवळून पाहायला. सागावरून एक पान सुटलं आणि अंगणात येऊन पडलं. जंगूबाईने ते उचलून बाजूला टाकलं आणि हात पुसले.

‘‘एक पोरगी होती,’’ तिने सुरुवात केली. ‘‘ते राहे त्या गावाले कोणी गाव म्हणे नाई.’’

मग ती थांबली आणि डोमाजीभाऊंकडे पाहत राहिली. ते गोंधळले.

‘‘हूं म्हण ना,’’ ती म्हणाली. ‘‘ऐकणाऱ्यानं हूं म्हणाव लागते. नाईतं गोष्ट पुढं जात नाई.’’

आयुष्यभर इतरांना पुढं सरका म्हणून सांगणारा तो माणूस मांडी सावरून बसला. घरात त्यांचं वाचणं मी इतकी वर्षं ऐकलं होतं. भिंतीतून मी कधी हूं म्हणालो नव्हतो.

‘‘हूं,’’ डोमाजीभाऊ म्हणाले.